मान दुखते, पण दोष मानेचा की पाठीचा?

पाठकणा
मान धरली की लोक मानच गोल फिरवत बसतात. माझं मत, आधी पाठ बघा. छातीमागचे 12 मणके ताठ असले की हात डोक्यावर नेताना पाठ मागे झुकत नाही, खांद्याचं पातंही नीट कलत नाही. विरार लोकलमध्ये कडी धरलेल्यांचे खांदे पाहा, कानाला टेकलेले! त्यात सॅक पोटावर. सगळा ताण मानेच्या बाजूच्या स्नायूंवर.

तपासायचं असेल तर भिंतीला पाठ टेका, टाचा 10 सेंमी पुढे, कोपर न वाकवता हात वर न्या. कंबर भिंतीपासून सुटली तर पाठीचं काम कंबर करतेय.

उपाय: टॉवेलची 8–10 सेंमी जाड गुंडाळी पात्यांच्या खालच्या टोकांखाली आडवी ठेवा. गुडघे वाकवून, डोकं हातांवर पेलून, श्वास सोडत मागे झुका. 8 वेळा झालं की गुंडाळी 3 सेंमी वर. मानेखाली मात्र नेऊ नका.

वजनदार
निरीक्षण बरोबर, निष्कर्ष घाईचा. दुखायला लागलं की स्नायू आखडतात, म्हणजे ताठरपणा हा परिणामही असू शकतो. फिनलंडमध्ये ऑफिसात काम करणाऱ्या 180 स्त्रियांवर वर्षभर चाचणी झाली (2003). ताकद आणि दम वाढवणाऱ्या गटांचं दुखणं स्ट्रेचिंग-एरोबिकवाल्या गटापेक्षा बरंच जास्त कमी झालं.

दोन हातांत एकेक लिटरची भरलेली बाटली घ्या, हात बाजूने खांद्याइतके वर. 10–12 वेळा, 3 फेऱ्या, एक दिवसाआड. हाताआधी खांदा उचकला तर वजन जास्त झालंय.

फास्टलोकल
दोघांचंही चालेल, पण सलूनमध्ये चंपीनंतर मान 'कट्' करून घेणं बंद करा हो. मेंदूला रक्त नेणारी धमनी मानेच्या मणक्यांच्या भोकांतून जाते. झटक्याने तिचं आतलं अस्तर फाटू शकतं. क्वचित होतं, पण झालं तर पक्षाघात. आणि हाताला मुंग्या येत असतील, वस्तू हातातून सुटत असतील, तर टॉवेल-बाटल्या बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.

पाठकणा
@वजनदार, 1997 चा स्वीडनचा अभ्यास दोन वर्षांच्या पाठपुराव्याचा होता. मानेचा सातवा आणि छातीचा पहिला मणका यांच्यातली कमी हालचाल हा मान-खांदेदुखीचा धोका ठरला. तिथे हालचाल आधी मोजली होती.

वजनदार
मान्य. पण तो सांधा मानेच्या बुंध्याशी, आणि तुमची गुंडाळी पात्यांखाली! तिथवर न्यायला तर तुम्हीच मनाई केलीत.