स्तनपान ग्रुप: आयांचे फोटो उडतात, घाणेरडे प्रतिसाद राहतात. मदत हवी आहे

मंडळी, एका मोठ्या समाजमाध्यमावर आम्ही काहीजणी नव्या आयांसाठी मराठी ग्रुप चालवतो. बाळ नीट धरत नाही, स्तनाग्रांना भेगा पडल्यात, गाठ आलीय, ताप चढलाय असे प्रश्न असतात. कधी कधी फोटो पाहिल्याशिवाय सांगताच येत नाही. पण फोटो पडला की लगेच 'नग्नता' म्हणून उडतो आणि त्या आईच्या खात्यावर ठपका बसतो.

नियमांत स्तनपानाला सूट आहे, पण चाळणी लावणाऱ्या यंत्राला ती उमगत नाही. ब्राझीलमध्ये २०२० साली स्तनांच्या कर्करोगाची लक्षणं दाखवणारी इन्स्टाग्राम पोस्ट अशीच आपोआप काढली गेली. तिथेही सूट होतीच. जानेवारी २०२१मध्ये ओव्हरसाइट बोर्डाने (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या अशा निर्णयांची फेरतपासणी करणारं स्वतंत्र मंडळ) ते काढणं चुकीचं ठरवलं. ठीक आहे, पण रात्री दोन वाजता तापाने फणफणलेल्या बाईला बोर्डाचा काय उपयोग?

उलट, ग्रुपात घुसणारे पुरुष रोमन लिपीतल्या मराठीत, मध्ये टिंबं-तारे घालून जे लिहितात ते बिनधास्त राहतं. शब्द अडवून पाहिले. 'दूध' आणि 'अंगावर' अडवलं, तर आयांच्याच पोस्टी अडकल्या! पुरुषांची खाती सरसकट नाकारावीत, तर कितीतरी बायका नवऱ्याच्या फोनवरून, त्याच्याच खात्यावरून येतात. आणि त्यांना विचारायला दुसरं कोणी नसतं.

तर अशा बाईची खातरजमा कशी करता? ओळखपत्र मागायला मन धजत नाही, ते सांभाळणार कोण? फोटो फक्त स्तनपान सल्लागाराकडे खासगीत पाठवायला सांगावं का? मग बाकीच्यांना पाहून शिकता येत नाही. आणि समाजमाध्यम कंपन्यांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला केंद्र सरकारची तक्रार अपील समिती आहे, तिच्याकडे कोणी गेलंय का?

प्रतिसाद १
ताई, आमच्या गरोदरपणाच्या ग्रुपात ओळखीची आशाताई किंवा जुनी सदस्य हमी देते, मगच प्रवेश. वेळ लागतो, पण टवाळ बरेच गळतात. धरण्याची पद्धत शिकवायला रेखाचित्रं वापरा. जखमेचा फोटो मात्र खासगीतच बरा, स्क्रीनशॉट कोण कुठे फिरवेल सांगता येत नाही.

समितीकडे थेट जाता येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, त्याचं उत्तर आल्यापासून ३० दिवसांत ऑनलाइन अपील. पोस्ट उडाल्याची सूचना जपून ठेवायला त्या आईला आजच सांगा.