मदत हवी आहे: डेक्साच्या (हाडांची घनता मोजणारं एक्सरे मशीन) स्पाइन स्कॅनवर रेघा, क्यूसी (गुणवत्ता तपासणी) मात्र रोज पास (कोल्हापूर)

एक्सरेताई_राजारामपुरी
नमस्कार. फॅन बीमचं (पंख्यासारखा पसरणारा एक्सरेचा झोत) डेक्सा मशीन आहे, १०० आणि १४० केव्ही (किलोव्होल्ट) आलटून-पालटून देणारं. आर्म पेशंटच्या लांबीच्या दिशेने सरकतो. पाऊस लागल्यापासून स्पाइनच्या इमेजवर दोन तऱ्हेच्या रेघा दिसतात. एक बारीक पांढरी, डोक्याकडून पायाकडे, कायम मणक्याच्या डावीकडे त्याच जागी. दुसरे आडवे पट्टे. कधी एल२वर, कधी एल४वर (कमरेचे मणके), कधी नाहीतच. सकाळचं फँटम (घनता माहीत असलेला नमुना) क्यूसी पास होतं. गादी पुसली, मशीन बंद-चालू केलं, फरक नाही. एएमसी (देखभालीचा करार) संपलीय, इंजिनिअर पुण्याहून येणार. तोवर काय तपासू? रिपोर्ट द्यावेत का?

बायोमेड_उद्यमनगर
ताई, हे दोन वेगळे बिघाड आहेत, एका दमात शोधू नका. तुमच्या मशीनमध्ये डिटेक्टरची (एक्सरे टिपणाऱ्या चॅनलची) ओळ आडवी आणि आर्मची चाल उभी. त्यामुळे एक चॅनल गेला की अख्ख्या स्कॅनभर उभी रेघ पडते. आडवा पट्टा म्हणजे तेवढ्या क्षणापुरतं काहीतरी बिनसलं: पुरवठा, केव्हीचं सिंक (विजेच्या लाटेशी मेळ), नाहीतर आर्मची चाल.

आधी उभी रेघ. ॲक्रिलिकचा सपाट ब्लॉक ठेवून स्कॅन घ्या. मग ब्लॉक तिथेच ठेवून गादी ५ सेंमी बाजूला ओढा आणि परत घ्या. रेघ गादीबरोबर सरकली तर सांडलेलं कॉन्ट्रास्ट (एक्सरेत उठून दिसणारं औषध) किंवा शिवणीत अडकलेली पिन शोधा. जागची हलली नाही आणि कडा धारदार असेल तर चॅनल, त्याची केबल किंवा कनेक्टर. पावसाळ्यात कनेक्टरला ओल धरतेच. कडा धूसर असेल तर कॉलिमेटरच्या (झोत अरुंद करणारा भाग) फटीवर कचरा. एक मात्र करू नका: कॅलिब्रेशन मारून रेघ घालवणं. रेघ दिसेनाशी होईल, बिघाड तसाच राहील.

आडव्या पट्ट्यात मणक्याची कड बघा. कड सलग असेल तर वीज. पायरीसारखी तुटली असेल तर पेशंट हलला, किंवा बेल्ट-एन्कोडर (आर्म सरकवणारा पट्टा आणि त्याची जागा मोजणारा सेन्सर). फँटमवरही पायरी आली तर पेशंटचा दोष नाही. बेल्ट आमच्या उद्यमनगरात दात मोजून मिळेलही, पण मूळ पार्टच घ्या. चाल चुकली की एरिया चुकतो, आणि बीएमडी (हाडांची घनता) म्हणजे शेवटी ग्रॅम भागिले चौरस सेंमी.

एक्सरेताई_राजारामपुरी
कड सलग आहे. मशीन इन्व्हर्टरवर आहे, त्याच लाइनवर लिफ्ट.

वायरमन_कळंबा
मग पट्ट्याचं मूळ तिथंच असणार. हे मशीन ५० हर्ट्झच्या लाटेशी सिंक धरतं. चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर ते जमत नाही. पुरेशा केव्हीएचा (क्षमतेचा) ऑनलाइन साइनवेव्ह यूपीएस आणि डीबीपासून (वीज वाटणारी पेटी) स्वतंत्र लाइन लागेल. इलेक्ट्रिशियनकडून स्कॅन चालू असताना सॉकेटवर न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजून घ्या. २ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगचा खड्डा आणि जोड तपासा. पट्टा पडला ती वेळ लिहा, लिफ्टशी जुळते का बघा. मशीनचं पॅनल उघडायचं नाही, आत हाय व्होल्टेज असतं. रात्री एसी बंद करून खिडक्या उघड्या टाकू नका, गार भागांवर दव धरतं.

घनता_शाहूपुरी
क्यूसी पास होण्यात नवल नाही. फँटम टेबलच्या मध्यावर, आकडा अख्ख्या आरओआयचा (मोजणीची चौकट) सरासरी. तुमची उभी रेघ त्या चौकटीबाहेर. सरासरीपासून ±१.५ टक्के ही नेहमीची मर्यादा, पण तिच्याबरोबर फँटमची इमेजही रोज डोळ्यांनी बघायची.

रिपोर्टचं: पट्टा मणक्यावर असेल तर पुरवठा सुधारून पुन्हा स्कॅन. फारच अडलं तर तो मणका वगळता येतो, मात्र किमान दोन मणके उरले पाहिजेत. एका मणक्यावर निदान नाही. जुन्या स्कॅनशी तुलना तूर्त थांबवा. पेशंटच्या अंगावरचंही विसरू नका: मंगळसूत्र, परकराच्या नाडीचं टोक, पोटात न विरघळलेली कॅल्शियमची गोळी. ही रेघ देत नाहीत, ठिपका किंवा गोळा देतात.

डिटेक्टर किंवा ट्यूबला हात लागणार असेल तर इंजिनिअर येण्याआधी फँटमचे १० स्कॅन घेऊन ठेवा, दर वेळी फँटम उचलून पुन्हा ठेवत. दुरुस्तीनंतर पुन्हा १०. दोन सरासऱ्यांत १ टक्क्याहून जास्त फरक आला तर त्याला कोल्हापूर सोडू देऊ नका.