लेसचे चार जुने तुकडे: हातच्या आहेत का, आणि कुठल्या?

टिळकवाडी_कपाट:
मंडळी, नमस्कार. बेळगाव कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याच्या सामानातून लेसचे चार तुकडे घेतलेत. विकणाऱ्याचं म्हणणं, “सगळी ब्रसेल्स, दीडशे वर्षांची.” कागदपत्र काही नाही.
अ: पांढरी, ७ सेंमी रुंद, बारीक जाळी, पानांभोवती जरा जाड चमकदार धागा.
ब: सायीच्या रंगाची, ११ सेंमी. जाळी नाही, नक्षी बारीक वेण्यांनी जोडलेली. टपोरे दाणे आणि मध्ये आठ टोकांचा क्रॉस.
क: वेदीवरच्या कापडाला लावलेली जाड सुती किनार, पंख्यांची नक्षी, कोपऱ्यात चुण्या.
ड: कॉलर. जाळीवर सुटी फुलं बसवल्यासारखी.
यातल्या बॉबिनच्या (छोट्या दांड्यांवर गुंडाळलेल्या धाग्यांनी हाताने विणलेल्या) कुठल्या, मशीनच्या कुठल्या, आणि गाव-देश कळेल का?

निपाणी_टाका:
ताई, ब्रसेल्स हे नाव आधी बाजूला ठेवा. पांढरी जुनी लेस दिसली की विकणारा तेच नाव घेतो. पहिला प्रश्न ती कशी बनली हा. कुठली, ते त्यानंतर.

सराफाकडचं दहापट भिंग घ्या. लेसखाली काळा मॅट कागद, उजेड एका बाजूने. सुलट आणि उलट दोन्हीकडचे फोटो काढा आणि चौकटीत मिलिमीटरची पट्टी ठेवा, नाहीतर जाळीचं माप कळत नाही.

मग एकच धागा नजरेने धरा आणि तो कुठे जातो ते बघा. बॉबिन लेसमध्ये उशीवर टाचण्या टोचून जोडीजोडीने धागे फिरवलेले असतात आणि हालचाली दोनच: ओलांडणं आणि पीळ देणं. त्यामुळे भरीव भागात धागे एकाखालून एकावरून जाताना स्पष्ट दिसतात, अगदी कापडासारखे. गाठ नसते, फास नसतो. एकच धागा फाशाफाशाने पुढे सरकत असेल, काजाच्या टाक्यांची दाटी असेल तर ती सुईची लेस. साखळी दिसली, टोक ओढल्यावर उसवत गेलं तर क्रोशा. नरसापूरची प्रसिद्ध लेस क्रोशाचीच आहे, बॉबिनची नव्हे. दोन्हींची गल्लत फार होते.

अ मधला एखादा धागा पानात शिरून पलीकडे पुन्हा जाळीत बाहेर पडतो का, तेवढं बघून सांगा. ड ची जाळी उलट बाजूने बघा.

शहापूर_माग:
मागावरचं काम कळणाऱ्याला भरीव भाग वाचणं सोपं जातं. लांबीच्या दिशेने पडून राहिलेले धागे म्हणजे ताणा, आणि डावी-उजवीकडे फिरणारी जोडी म्हणजे बाणा. फरक एवढाच की इथे बाणा मध्येच ताण्यात जाऊन बसतो आणि ताण्यातली जोडी बाण्याचं काम उचलते. हातच्या लेसमध्ये अशा अदलाबदली बघायला मिळतात.

लीव्हर्स या नक्षीदार लेस विणणाऱ्या मशीनच्या लेसमध्ये भरीव भाग उभ्या रेघांचा, जरा फासळ्या दिसल्यासारखा असतो. नक्षीच्या कडेला जाड धाग्याची कापलेली टोकं दिसतात, कारण मशीन तो धागा एका फुलाकडून दुसऱ्याकडे मोकळा ओढत नेतं आणि नंतर मधला तुकडा कातरला जातो. कडेचे बारीक कंगोरेही बरेचदा वेगळी पट्टी शिवून लावलेले. फुलं लवदार दिसतात, धाग्याचा माग काही केल्या लागत नाही, सगळे झिगझॅग टाके, असं असेल तर ती केमिकल लेस: आधी कापडावर मशीनची भरतकामाची नक्षी, मग खालचं कापड विरघळवून टाकलेलं.

क बद्दल मला आत्ताच शंका येते. जाड सूत, पंखे, कोपऱ्यात चुण्या: बार्मेन मशीन असू शकतं. जर्मनीतल्या बार्मेनचं हे मशीन खरोखर बॉबिन लेसचीच वीण काढतं, म्हणून भिंगातून धागे ओलांडताना दिसले एवढ्याने ती हातची ठरत नाही. तपासण्या सांगतो. सलग दहा-बारा पंखे एकाखाली एक बघा. हाताने विणणाऱ्याचा ताण बदलत राहतो, त्यामुळे चूक एका पंख्यात असते आणि पुढच्यात नसते. मशीनची चूक प्रत्येक पंख्यात त्याच जागी. दाणे ओबडधोबड आणि सगळे एकाच बाजूला कललेले, हीसुद्धा खूण. शिवाय या मशीनला मध्येच जोडी वाढवता येत नाही, कमी करता येत नाही. नुसत्या चुण्यांवर मात्र निकाल देऊ नका. हातची टोर्शनही (साधी, जाडसर बॉबिन लेस) मीटरवर विकली जायची आणि लोक तिलाही चुण्या घालूनच लावत.

टिळकवाडी_कपाट:
बघितलं.
अ: धागे पानात शिरतात आणि बाहेर पडतात. जाळीची घरं षट्कोनी, वेणी कुठेच नाही, सगळे धागे तिरके चालतात. सरळ कडेच्या रेषेत टाचणीची भोकं दर सेंटीमीटरला साधारण ६.
ब: सुटलेल्या टोकाचा एक तंतू जाळला. केसाचा वास, राख बोटाने चुरते.
क: सहाव्या पंख्यातला सैल धागा पाचव्यात, चौथ्यात, सगळीकडे तिथेच.
ड: जाळीच्या मागे फुलं टाक्यांनी टाचलेली. दोन फुलं बाकीच्यांहून वेगळी वाटतात, ती दोन्ही पूर्ण काजाच्या टाक्यांची.

निपाणी_टाका:
क चा निकाल लागला, बार्मेन. फेकू नका, वेदीचं कापड म्हणून तिला अर्थ आहे, फक्त हातची म्हणून विकू नका.

अ वर सविस्तर लिहितो, कारण जाळी हीच बॉबिन लेसची मुख्य खूण. प्रत्येक भेटीला दोन जोड्या एकदाच ओलांडतात, मग प्रत्येक जोडीला तीन पीळ, शेजारी टाचणी: ही पॉइंट ग्राउंड. इंग्लंडमधली बकिंगहॅमशायर, फ्रान्समधली लील, दोन्ही याच घरातल्या. तुमचा चमकदार जाड धागा म्हणजे गिंप, तोही दोन्हींत असतो. बेल्जियममधल्या मेख्लिनच्या लेसमध्येही गिंप असतो, पण तिथे षट्कोनाच्या दोन बाजू चार धाग्यांच्या आखूड वेणीच्या असतात आणि जाळीत टाचण्या नसल्याने घरं थोडी वेडीवाकडी होतात. हीच वेणी लांब झाली की ती जुनी ब्रसेल्सची जाळी. सगळ्याच बाजू वेणीच्या आणि गिंप अजिबात नाही, तर फ्रान्समधल्या व्हॅलेन्सिएन गावाच्या नावाची लेस. टोर्शनची जाळी ४५ अंशात चालते. पॉइंट ग्राउंडचा कोन त्याहून वेगळा असतो, कोनमापक लावला तर कळतो.

एक सापळा आहे. मशीनवर विणलेली जाळी, म्हणजे बॉबिननेट, तीही षट्कोनी आणि वेणीविना असते, लांबून अ सारखीच दिसते. तिथे काही धागे लांबीच्या दिशेने सरळ खाली उतरतात आणि फक्त उरलेले तिरके. तुमच्याकडे सगळेच तिरके, शिवाय पानात शिरून बाहेर पडणारे. म्हणून अ हातची, सलग विणलेली. बक्स (बकिंगहॅमशायर) की लील हे नुसत्या जाळीवरून सांगायला मी धजणार नाही. सूत कापूस आहे की जवस (लिनन) ते सूक्ष्मदर्शकाखाली बघा: जवसाच्या तंतूला बांबूसारखी पेरं, कापसाचा तंतू चपटा आणि पीळ पडलेला. जाळून हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत, दोघांनाही कागदाचा वास. कापूस निघाला तर १९व्या शतकाच्या आधीची असण्याची शक्यता फार कमी.

खानापूर_खिडकी:
ब वर क्रॉस आहे म्हणजे ती गोव्याची असणार की. पोर्तुगीजांकडे बॉबिन लेस होतीच, आणि इथून गोवा काय लांब आहे?

निपाणी_टाका:
पोर्तुगालात पेनिश आणि विला दु कोंदे इथे ही लेस होते, खरं आहे. पण क्रॉस दिसला म्हणून गोवा हा तर्क कच्चा आहे ओ. आठ टोकांचा क्रॉस म्हणजे माल्टाचा. रेशमी धागा, सायीचा रंग, जाळीऐवजी वेण्या आणि गव्हाच्या दाण्यासारखी टपोरी पानं, हे चारही एकत्र आले की पहिला अंदाज माल्टीज. तिथे हे काम १८३३ मध्ये लेडी हॅमिल्टन चिचेस्टर यांनी जेनोआच्या विणकरणी आणून सुरू करवलं. १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर इंग्लंडमधल्या बेडफर्डशायरने हाच नमुना उचलला, पण तो बहुतेक सुती, आणि त्यात नागमोडी भरीव पट्ट्या जास्त. ताईंच्या तंतूला केसाचा वास आला म्हणजे ते रेशीम आहे, त्यामुळे बेडफर्डशायर मागे पडतं.

शहापूर_माग:
ड च्या दोन वेगळ्या फुलांवरून एवढं सांगता येतं की एकाच तुकड्यात बॉबिनची आणि सुईची फुलं आहेत, आणि खाली मशीनची जाळी. ही ब्रसेल्स ॲप्लिकेशनची (सुटी विणलेली फुलं जाळीवर टाचलेली लेस) नेहमीची जोडगोळी. म्हणजे विकणाऱ्याचं नाव एका तुकड्यापुरतं तरी जुळलं! जॉन हीथकोटच्या बॉबिननेट मशीनची पेटंटं १८०८-०९ ची. तेव्हा ड त्याआधीची नाही, आणि अशा जाळीवर फुलं बसवायची चाल पुढच्या काही दशकांत पसरली. इंग्लंडमधल्या डेव्हनची हॉनिटन लेसही फुलं सुटी विणून जाळीवर बसवते, पण त्यात सुईची फुलं सहसा नसतात. फक्त एक बघा: फुलं एका जुन्या लेसवरून काढून दुसऱ्या जाळीवर पुन्हा बसवलेली असू शकतात. जाळी शुभ्र आणि फुलं पिवळट, किंवा फुलांच्या कडेला जुन्या टाक्यांची रिकामी भोकं, असं असलं तर जाळी नंतरची.

टिळकवाडी_कपाट:
मग अ भारतात बनलेली असेल का? मिशनच्या शाळांमध्ये लेस शिकवत असं ऐकलंय.

निपाणी_टाका:
शक्य आहे, आणि इथेच लोक जास्त बोलून बसतात. मार्था मॉल्ट यांनी १८२० च्या सुमारास त्रावणकोरातल्या नागरकोइलला मुलींना बॉबिन लेस शिकवायला सुरुवात केली. मॉल्ट लंडन मिशनच्या, आणि बेळगावात १८२० साली आलेलं मिशनही तेच. पण त्यावरून लेस बेळगावात विणली गेली असं होत नाही. कॅम्पात बदलीवर येणाऱ्यांच्या पेट्यांमधून इंग्लंडची, माल्टाची, त्रावणकोरची लेस इथे सारखीच पोचली असेल. वीण शैली सांगते, गाव सांगत नाही. व्हॅलेन्सिएनचंच बघा, फ्रेंच राज्यक्रांतीनंतर त्या गावचं काम संपलं आणि त्या नावाची लेस पुढे बेल्जियममध्ये होत राहिली. म्हणून कार्डावर “पॉइंट ग्राउंड, बक्स-लील धर्तीची, हातची, मूळ ठिकाण अनिश्चित, बेळगाव कॅम्पमधून मिळाली” असं लिहा. बंगल्यात कोण राहत होतं, पेटी कुणाची, ते आत्ताच विचारून टिपून ठेवा. तुकडा एकदा दुसऱ्याच्या हाती गेला की ती माहिती परत मिळत नाही.

खानापूर_खिडकी:
धुवायचं कसं तेही सांगा की. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांवर बुरशी धरते.

शहापूर_माग:
अ आणि क धुता येतील. नायलॉनच्या दोन जाळ्यांमध्ये लेस सपाट ठेवून कडेने सैल टाके घाला, म्हणजे उचलताना वजन लेसवर येत नाही. बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड पाणी घ्या. पसरट ट्रेमध्ये तासभर भिजवा, चोळू नका, पिळू नका, पाणी पिवळं येणं थांबेपर्यंत बदलत राहा. मग जाड थर्मोकोलवर प्लॅस्टिक अंथरून कंगोरा न कंगोरा पितळेच्या किंवा स्टेनलेसच्या टाचणीने बसवून सावलीत वाळवा. साधी टाचणी ओल्या लेसला गंज लावते आणि तो डाग निघत नाही. ब्लीच नको, रेशमाचं तर ते वाटोळंच करतं. खळ अजिबात नको, कसर त्यावरच येते. ब आणि ड घरी भिजवू नका: रेशमाला पाण्याचे डाग पडतात, आणि ड ची फुलं-जाळी वेगवेगळी आटली तर चुण्या पडतात.

ठेवताना घडी नको, घडीवरच धागा तुटतो. कागदी नळीवर धुतलेली बिनखळीची मलमल गुंडाळा, तिच्यावर लेस, वरून पुन्हा मलमल. प्लॅस्टिक पिशवीत घाम धरतो. पत्र्याची ट्रंक चालेल, पण लेस पत्र्याला किंवा डांबरगोळ्यांना टेकता कामा नये. जून ते सप्टेंबर उघडूच नका, ऑक्टोबरात कोरडा दिवस बघून सावलीत दोन तास हवा द्या.

टिळकवाडी_कपाट:
ड ची जाळी शुभ्रच आहे, फुलं पिवळट. कडेला भोकं आहेत का ते उद्या उजेडात बघून फोटो टाकते.

शहापूर_माग:
उलट बाजूचाही टाका. जुना टाचलेला धागा एखाद्या फुलात अडकून राहिलेला असतो, त्याचा रंग नव्या टाक्यांशी जुळतो का तेही बघा.