बेस आणि आराम कसा तपासावा
बेस, म्हणजे खालच्या सुरांचा घुमणारा आवाज, दणदणीत असला की हेडफोन उत्तम, असं काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. डग्ग्याचा घुमारा गायकाचा आवाज झाकून टाकत असेल तर तो बेस काय कामाचा? दोन हेडफोनची तुलना करताना आधी आवाजाची पातळी सारखी करा, कारण जरा मोठा वाजणारा कानाला उगाचच सरस वाटतो. चष्मा असेल तर तो घालूनच ऐका. काडीमुळे हेडफोनची गादी कानाभोवती नीट बसत नाही, फट राहते आणि बेस तिथूनच निसटतो. हेडफोन किती खालच्या सुरापासून किती वरच्या सुरापर्यंत वाजतो हे सांगणाऱ्या, खोक्यावरच्या २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या आकड्यावरून यातलं काहीच कळत नाही. आराम मात्र पाच मिनिटांत समजत नाही. तासभर तरी डोक्यावर ठेवा. टाळूवर एकाच जागी बोचायला लागलं किंवा कानाची पाळी गादीखाली दुमडली, तर आवाज कितीही गोड असो, मी तो हेडफोन घेणार नाही.