कोकणात झेड-फोर : पत्र्याच्या टपाची जुनी की कापडी टपाची नवी?

प्रेषक : बाळू, बर्मिंगहॅम

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबर ते मे नेवऱ्याला आणि पावसाळ्यात इकडे, असं आमचं ठरलंय. तिथे वापरायला बीएमडब्ल्यू झेड-फोर, म्हणजे टप (छत) उघडणारी दोन माणसांची गाडी, घ्यायची आहे. पुण्यात दोन वापरलेल्या गाड्या हेरून ठेवल्यात. एक २०१४ची ई८९ (आधीची पिढी), मॉडेल एसड्राइव्ह३५आय, जिचा पत्र्याचा टप दुमडून डिकीत जातो. दुसरी २०१९ची जी२९ (त्यानंतरची पिढी), मॉडेल एम४०आय, कापडी टपाची. किमतीचा विचार माझ्यावर सोडा. गाडी जून ते सप्टेंबर चिऱ्याच्या गॅरेजात बंद राहील, तिथून समुद्र ४०० मीटरवर. एरवी आरे-वारेचा रस्ता, कधी जयगड-तवसाळ फेरीने गुहागर, आणि वर्षातून चार-पाचदा आंबा घाट चढून कोल्हापूर. ज्यांच्याकडे या गाड्या आहेत त्यांनी टपाबद्दल जरा सविस्तर लिहा.

बाळू


प्रेषक : आबा, गुहागर

बाळू,

मी जुनीच्या बाजूचा, पण आधी तिच्या खोडी सांगतो, म्हणजे पुण्यात गाडी बघताना काय बघायचं ते कळेल.

ई८९चा टप ॲल्युमिनियमचा, दोन तुकड्यांचा, हायड्रॉलिकवर, म्हणजे पंपाने दिलेल्या तेलाच्या दाबावर, चालणारा. उघडायला साधारण २० सेकंद. विक्रेत्याने एकदा उघडून दाखवला एवढ्यावर भागवू नकोस. इंजिन चालू ठेवून लागोपाठ तीनदा उघड-बंद करायला लाव. मग डिकीच्या आतलं अस्तर बाजूला करून टप उचलणाऱ्या सिलिंडरांच्या टोकांवरून बोट फिरव. तेलकट लागलं तर सील गेलेत. टप मध्येच थांबला तर लगेच पंपावर खापर फोडू नये. डिकीतला सामानाचा पडदा नीट खाली ओढून अडकवलेला नसेल तरी टप हलत नाही. टप खाली असताना डिकी ३१० लिटरवरून १८० लिटरवर येते, ती जागा मोकळी आहे हे गाडीला त्या पडद्यावरून कळतं.

या पिढीचं खरं दुखणं म्हणजे डिकीच्या बिजागरीतून जाणाऱ्या वायरी. दर उघड-बंदीला त्या वाकतात आणि आतली तांब्याची तार तुटते, वरचं प्लॅस्टिक मात्र साबूत दिसतं. म्हणून नुसतं डोळ्याने बघून उपयोग नाही. रबरी नळी मागे सरकवून एकेक वायर चिमटीत धरायची आणि हलकेच ताणायची. जी रबरासारखी लांबते ती आतून तुटलेली. दुरुस्ती करताना लवचिक सिलिकॉन वायरचा तुकडा डाखून जोडायचा, सांधा वाकणाऱ्या भागापासून लांब घ्यायचा आणि थोडी ढील ठेवायची. नुसती पट्टी गुंडाळली तर सहा महिन्यांत पुन्हा तेच. याला दोन-तीनशे रुपयांचं सामान लागतं, पण माहीत नसलेला मेकॅनिक टप अडला की सरळ टपाचा पंप बदलायला सांगतो.

टपाची रबरं कोरडी पडली की खड्ड्यांतून कुरकुर ऐकू येते. रबरासाठीचं सिलिकॉन फडक्यावर घेऊन पावसाळ्याआधी आणि दिवाळीत चोळायचं. पेट्रोल, ग्रीस, खोबरेल यांतलं काहीही रबराला लावायचं नाही, ते फुगतं.

इंजिन एन५४, तीन लिटर, दोन टर्बो, ३०६ अश्वशक्ती. जोमदार आहे, पण वय झालंय. थंड इंजिन सुरू करायला वेळ लागला तर हाय-प्रेशर फ्युएल पंप बघ. ऍक्सिलरेटर सोडल्यावर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला तर टर्बोचा वेस्टगेट (जादा वायू बाहेर सोडणारी झडप) ढिला झालाय. ऑइल फिल्टर ज्या भागावर बसतो तिथलं गॅस्केट पाझरलं की तेल थेट पट्ट्यावर पडतं, आणि तो पट्टा फाटून क्रँकच्या सीलमध्ये ओढला गेला तर इंजिनचंच काम निघतं. गॅस्केट स्वस्त आहे, ते थकलेलं दिसताच बदलावं.

इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप विजेवर चालतो आणि आगाऊ इशारा न देता जातो. आंबा घाटात, दुपारी, चढावर. गाडी लाखभर किलोमीटर चाललेली असेल आणि पंप बदलल्याची पावती नसेल, तर पंप आणि थर्मोस्टॅट दोन्ही एकदमच बदलून घे. नंतर हवा काढायची रीत वेगळी आहे, ती मेकॅनिकला समोर उभं राहून सांगावी लागते. बॅटरीला चार्जर जोडायचा. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू, हेडलाइट चालू, हीटर सगळ्यात गरमवर, पंखा सगळ्यात कमी. ऍक्सिलरेटर पूर्ण दाबून १० सेकंद धरायचा. पंप आपोआप साधारण १२ मिनिटं फिरतो आणि हवा बाहेर ढकलतो. पाणी उतरलं की कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं मिसळून भरायचं. हे न करता गाडी हाणली तर नवा पंपही हवेवर फिरून जळतो.

आणि तरीही जुनी का? पत्र्याच्या टपाला बुरशी चढत नाही, उंदीर तो कुरतडत नाही, आणि माडाची झाप पडली तर पोचा येईल, भोक पडणार नाही. शिवाय ती १,७९० मिलिमीटर रुंद, नवी १,८६४. पाखाडीसारख्या आपल्या गल्ल्यांत समोरून रिक्षा आली की ही साडेसात सेंटिमीटर मोजावी लागतात.

आबा


प्रेषक : ताई, मालवण

आबांचं वायरींचं आणि पंपाचं अक्षर न् अक्षर खरं आहे, आणि म्हणूनच मी बाळूला जी२९ घे म्हणेन. जो माणूस वर्षातले चार महिने गावात नाही, त्याने जितके कमी भाग बिघडतील तितकी गाडी घ्यावी.

नव्या गाडीत टप विजेच्या मोटरांवर १० सेकंदांत उघडतो, ताशी ५० किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीतही. कुंकेश्वराच्या वाटेवर अचानक सर आली तर गाडी कडेला न घेता टप लावता येतो, हे आपल्याकडे फार मोलाचं. डिकी टप वर असो वा खाली, २८१ लिटरच राहते. इंजिन बी५८, ३४० अश्वशक्ती, एकच टर्बो, आणि एन५४च्या मानाने पुष्कळ सोशीक. गिअरबॉक्समध्येही फरक आहे. जुनीत सात गिअरची दोन क्लचवाली, नवीत आठ गिअरची टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारी. फेरीबोटीच्या फळीवर इंचाइंचाने चढताना दोन क्लचवाली दचकते आणि क्लच तापवते, टॉर्क कन्व्हर्टरची सरळ सरकते.

कापडाची मात्र सेवा करावी लागते. टप ओला असताना कधीही दुमडायचा नाही. दुमडीत ओल अडकली की आठवड्यात काळे ठिपके दिसतात आणि ते पुन्हा पूर्ण जात नाहीत. धुताना प्रेशरचं पाणी नको, मऊ ब्रशने कापडाच्या विणीच्या दिशेने घासायचं. पाणी थेंब होऊन घरंगळायच्या ऐवजी कापडात मुरायला लागलं की कापडासाठीचा जलरोधक फवारा मारून दिवसभर सुकू द्यायचा. मोहोराच्या दिवसांत गाडी आंब्याखाली उभी करू नये. तुडतुड्यांचा चिकटा टपावर पडतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि ती पत्र्यावरून पुसली जाते, कापडातून नाही.

टप कुठलाही असो, पाणी जायची भोकं मोकळी हवीत. विंडस्क्रीनच्या खाली, वायपरपाशी, पातेरा आणि सुरूच्या काड्या जमतात. आरे-वारेला सुरूखाली तासभर गाडी लावली तरी मूठभर निघतात. काड्या हाताने वेचायच्या, गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी भोकात हळूच फिरवायची, मग अर्धा लिटर पाणी ओतून ते गाडीखाली पडतंय का बघायचं. लोखंडी तार घालू नका, नळी फाटते. हवेचा फवाराही नको, आतले सांधे सुटतात.

नव्या गाडीला दोन गोष्टी नडतात. एम४०आयचे टायर १९ इंची, पुढे २५५/३५, मागे २७५/३५. खड्ड्यात बाजू फाटली तर पंक्चरच्या किटने काही होत नाही, स्टेपनी नाहीच, आणि त्या मापाचा टायर गावात मिळेल असं धरू नकोस. मागचा एक टायर घरी आणून ठेव. दुसरं, इंजिनभोवती आवाज आणि उष्णता राखणारं जाड अस्तर आहे. उंदरांना घर करायला याहून चांगली जागा नाही.

ताई


प्रेषक : दादा, लेस्टर

ज्यांना आणखी जुनी, म्हणजे २००२ ते २००८ची ई८५ आवडते त्यांच्यासाठी एकच सूचना. तिचा कापडी टप चालवणारा हायड्रॉलिक पंप टपाच्या कप्प्यात डाव्या बाजूला अगदी तळाशी बसवलाय, नेमका जिथून पाणी निघून जायला हवं तिथे. भोक तुंबलं की मोटर पाण्यात बुडते. इथल्या पावसात हे घडतं, तर रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो. पंप वर डिकीत हलवून घेतलेला नसेल तर ती कोकणात नेऊ नये.

दादा


प्रेषक : आबा, गुहागर

ताईचा मुद्दा पटतो, पण नवी घेतली म्हणून जून ते सप्टेंबरची काळजी कमी होत नाही. बाळू, गॅरेजबद्दल नीट ऐक. चिरा पाणी पितो, पावसात भिंती घाम फोडतात. आतून गिलावा आणि खाली कोबा असलाच पाहिजे, मातीची जमीन नको. समोरासमोर दोन झरोके, त्यांना ६ मिलिमीटरची जाळी, म्हणजे हवा खेळेल आणि उंदीर शिरणार नाही. गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर टाकलंस तर आत वाफ कोंडून रंगाला फोड येतील. बंद गॅरेजात सुती चादर पुरे. ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडचे दोन डबे गाडीत ठेव आणि दर पंधरवड्याला पाणी ओतून नवे घालायला सांग.

मेच्या शेवटी टाकी काठोकाठ भर, हवा कमी राहिली की पेट्रोलला ओल कमी लागते. टायरांत ४० पीएसआय हवा. गाडी पी मध्ये, हँडब्रेक सोडलेला, चाकांना लाकडी ठोकळे, नाहीतर ब्रेक गंजून चिकटतो. बॅटरीला मेंटेनर (चार्ज टिकवून ठेवणारा चार्जर) लाव, पण वीज जाऊन आल्यावर जो आपणहून पुन्हा सुरू होतो तोच घे. बटण दाबावं लागणारा आपल्याकडे पहिल्याच वादळात बंद पडून राहतो. बॅटरी बदललीच तर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तिची नोंद करून घ्यावी लागते, नाहीतर जुनी समजून चुकीचं चार्जिंग होतं आणि नवीही लवकर मरते.

फेरीचं सांगायचं राहिलं. ओहोटीला धक्क्याचा खालचा भाग शेवाळलेला आणि खाऱ्या पाण्याने भिजलेला असतो. भरती बघून जा. चढताना शेजारी बसलेल्याने उतरून बंपरचा पुढचा ओठ किती वर राहतो ते बघावं, आणि गाडी थोडी तिरपी चढवावी. घरी आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धू. तुमची विहीर मचूळ असेल तर त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठच चोळणं.

आबा


प्रेषक : बाळू, बर्मिंगहॅम

आबा, ताई, दादा, मनापासून आभार.

दोन्ही गाड्या बघेन, पण आधी गॅरेज. कोबा आणि झरोक्यांचं काम मेअखेर उरकायला भावाला सांगितलंय. विहीर मचूळच आहे, म्हणून पागोळीचं पाणी साठवायला पन्हळ आणि टाकी लावतो. गाडी ताईच्या बाजूने, म्हणजे जी२९ घेण्याकडे कल आहे. फाटक ते पडवी ही वाट मात्र आज मोजून घेतली. गडग्यांच्या मध्ये २,१५० मिलिमीटर आहेत आणि आरशांची रुंदी धरली तर जेमतेम. एका बाजूचा गडगा हातभर मागे घ्यावा लागेल. तो सामाईक आहे, तेव्हा आधी काकांना विचारतो.

ताई, मागचा टायर उभा ठेवायचा की आडवा, आणि किती वर्षं ठेवलेला चालतो?

बाळू


प्रेषक : ताई, मालवण

रिमशिवाय असेल तर उभा, दर महिन्याला थोडा फिरवायचा. काळ्या पिशवीत घालून बांधायचा, इन्व्हर्टर किंवा मोटरपंपाजवळ नको, तिथल्या ओझोनने रबर तडकतं. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांहून जुना झाला की दिसायला नवा असला तरी त्या गाडीला लावू नकोस.

ताई