खाडीकाठच्या घरात चांदी लवकर काळी का पडते?

कुळथाचंपिठलं: घर गुहागर तालुक्यात, खाडीला लागून. गणपतीला चांदीची निरांजनं आणि दूर्वांचा हार घासून लख्ख करते, दिवाळीला बघावं तर परत काळपट. पुण्याच्या जाऊबाईंकडे त्याच सोनाराच्या वस्तू वर्षभर पांढऱ्या असतात. सासूबाई म्हणतात सोनाराने तांबं घातलंय, हे म्हणतात खारा वारा. खरं काय?

टंच: ताई, तांबं असतंच. शुद्ध चांदी फार मऊ, निरांजन चेपायला वेळ लागणार नाही. ९२५ चा शिक्का म्हणजे हजारात ७५ भाग दुसरा धातू, बहुधा तांबंच. (मी सोनाराच्या घरातला, बाजू घेणारच. शंका असेल तर टंच काढून घ्या, म्हणजे चांदी किती शुद्ध ते तपासून घ्या.) पण तेवढंच तांबं पुण्यातही आहे.

मिठाचाही दोष कमीच. नुसत्या हवेपाण्याने चांदी गंजत नाही, तिचं वाकडं गंधकाशी. ओहोटीला चिखलातून सडक्या अंड्याचा वास येतो ना, तो हायड्रोजन सल्फाइड. त्याने चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो, दमट हवेत तर भराभर. हार रबरबँड लावून ठेवत असाल तर तेही बंद करा, रबरात गंधक असतं.

आणि रांगोळीने घासणं सोडा! दर वेळी थोडी चांदीच जाते. आमच्या आजीच्या करंड्यावरची वेलबुट्टी अशीच पुसली गेली. पातेल्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पसरा, वर वस्तू, चमचाभर खायचा सोडा, कढत पाणी. अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि काळ्या थराची परत चांदी होते. थोडा तोच घाण वास येईल, येऊ दे. खड्यांचे किंवा मुद्दाम काळे केलेले दागिने मात्र यात घालू नका.

धोपावेकर: काका, विषय निघालाय म्हणून विचारतो. गडगा बांधताना दुमडलेली काळी तार सापडली, बोटभर, वर ठोकल्यासारखी अक्षरं. हीच युक्ती चालेल?

टंच: थांबा! ती लारी, म्हणजे जुनं चांदीचं नाणं, असू शकते. पर्शियातल्या लार शहरावरून नाव पडलं. चांदीची तार दुमडून त्यावर छाप मारायचे. सोळाव्या-सतराव्या शतकात इराणच्या आखातापासून आपल्या बंदरांपर्यंत हे नाणं चालायचं, आणि तुमच्या समोरचं दाभोळ तेव्हा आदिलशाहीचं मोठं बंदर. विजापूरच्या अली आदिलशहाच्या नावाच्या लाऱ्याही मिळाल्यात. सोड्यात तर मुळीच टाकू नका, थराबरोबर अक्षरंही जायची. जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, १८७८ चा कायदा आहे. आधी फोटो काढा, मग तहसील गाठा.