आइसलंडचा रिंग रोड: जुलैत, आई-बाबांना घेऊन

मंगळवार, रेडिंगहून

नमस्कार मंडळी,

जुलैत आई-बाबा नाशिकहून येताहेत. बाबा भूजल सर्वेक्षणातून निवृत्त झाले. आयुष्यभर सिन्नर-निफाड भागात विहिरी आणि दगड बघत फिरले. त्यांना एकदा तरी जिवंत ज्वालामुखीचा देश दाखवायचा हे माझ्या मनात फार दिवसांपासून आहे. म्हणून आइसलंड. गाडी आम्ही दोघं आळीपाळीने चालवू. अख्खा रिंग रोड साधारण १३२० किलोमीटरचा आहे. सात दिवस धरलेत, म्हणजे रोजचे १९० किलोमीटर, लंडनहून बर्मिंगहॅमला गेल्यासारखं. हे जमण्यासारखं आहे ना? आईच्या गुडघ्यांचा त्रास आहे आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. मंडळातलं कोणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

रेडिंगची सदस्य


बुधवार, स्लाऊहून

तुझा मेल वाचला आणि रात्रीच उत्तर लिहायला बसलो. आम्ही दोघं तिथे दोनदा जाऊन आलो, एकदा साठीच्या आत आणि एकदा साठीनंतर.

पहिलं म्हणजे सात दिवस काढून टाक. निदान दहा कर आणि त्यातला एक दिवस कुठलंही बुकिंग न करता मोकळा सोड. १९० किलोमीटरचं तुझं गणित चुकलेलं नाही, पण ते मोटरवेचं गणित आहे. तिथे डांबरी रस्त्यावर कमाल वेग ९०, खडीच्या रस्त्यावर ८०, आणि दर वीस मिनिटांनी गाडी थांबवावीशी वाटेल असं काहीतरी समोर येतं. शिवाय वारा. आइसलंडमध्ये गाडी चालवताना भीती पावसाची किंवा बर्फाची वाटेल असं मला वाटलं होतं. जुलैत खरी भीती वाऱ्याची असते.

तिथे वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर असा सांगतात. रस्त्याच्या कडेला विजेवरच्या पाट्या असतात, त्यावर वारा आणि झोताचा वेग दिसतो. १५ दिसलं की आपल्याला ते किरकोळ वाटतं. त्याला ३.६ ने गुण, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. २० म्हणजे ताशी ७२. उंच गाडी असेल तर १५ लाच सावध व्हायचं, आणि २० च्या पुढे झोत असतील तर निघायचंच नाही. स्काफ्ताफेलच्या अलीकडे आम्हाला पाटीवर २४ दिसलं. समोरून राखेसारखी काळी वाळू रस्त्यावरून आडवी वाहत होती, काचेवर तिचा आवाज येत होता. आम्ही परत फिरलो आणि आदल्याच गेस्टहाऊसमध्ये आणखी एक रात्र काढली. मोकळा दिवस हाताशी होता म्हणून हे करता आलं. नसता, तर पुढची चार बुकिंगं वाचवायला मी गाडी दामटली असती, हे मला पक्कं माहीत आहे.

आता दाराचं. पहिल्या खेपेस एका पेट्रोल पंपावर हिने आपल्या बाजूचं दार नेहमीसारखं उघडलं. वाऱ्याने ते हातातून हिसकावून पुढे नेलं, बिजागरी वाकली आणि दार परत लागेना. दोरीने बांधून दीडशे किलोमीटर आलो. आम्ही सगळ्यात महागडा विमा घेतला होता, पण दाराचं वाऱ्याने झालेलं नुकसान त्यात धरलेलं नव्हतं. कागदावर बारीक अक्षरात ते लिहिलेलं होतं, काउंटरवर मात्र कोणी बोललं नाही. भुर्दंड आम्हालाच पडला. तेव्हा आई-बाबांना पहिल्याच दिवशी शिकव: गाडी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची, एका वेळी एकच दार उघडायचं, आणि दोन्ही हातांनी. आईचं दार तुमच्यापैकी एकाने बाहेर उतरून उघडावं हे उत्तम. वाळूने रंग खरवडला जातो त्याचा विमाही वेगळा असतो, तो विचारून घे.

तिसरी गोष्ट, एकपदरी पूल. पाटीवर ‘आइनब्रेइद ब्रू’ असं लिहिलेलं असतं. पुलाच्या जो जवळ असेल तो आधी जातो, पण समोरच्याला हा नियम माहीत नाही असं धरूनच वेग कमी करायचा. ‘ब्लिंदहायद’ म्हणजे पुढचा उंचवटा आंधळा आहे, पलीकडचं दिसणार नाही, उजवीकडे सरक. ‘माल्बिक एन्दार’ म्हणजे डांबर संपलं. हे तीन शब्द कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटव. डांबरावरून ९० ने थेट खडीवर गेलेली गाडी हमखास घसरते. आपल्याला डावीकडून चालवायची सवय, तिथे उजवीकडून. भर वाहतुकीत चूक होत नाही, इतरांच्या मागे आपण जातो. चूक होते ती सकाळी रिकाम्या पार्किंगमधून बाहेर पडताना. तेवढ्या वेळी शेजारी बसणाऱ्याने मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं, असा आमचा नेम होता.

आणि जुलैत रात्र अशी होतच नाही. साडेदहाला लख्ख उजेड असतो, त्यामुळे थकवा कळत नाही. घड्याळ बघून थांबायचं, आकाश बघून नाही.

आता बाबांसाठी. मी जुन्नरचा. नाणेघाट चढताना डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात ते लहानपणापासून पाहिलेलं. लाव्ह्याचा एकेक थर म्हणजे एकेक पायरी, म्हणून तर डेक्कन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. आइसलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, खाड्यांच्या कडेने गाडी वळत होती तेव्हा समोर तसेच डोंगर उभे राहिले. तीच आडवी पट्ट्यापट्ट्यांची कातळभिंत, वर हिरवळ, मधून पावसाळी धबधबे. मी गाडी बाजूला घेऊन किती वेळ बघत राहिलो. फरक वयाचा: आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांचा, आइसलंडमधला जुन्यात जुना खडक दीड-पावणेदोन कोटींचा, आणि बराचसा देश त्याहून पुष्कळ तरुण.

बाबांना विक आणि क्लाइस्तुरच्या मधला पट्टा शांतपणे दाखव. गावाचं पूर्ण नाव किर्क्युबायरक्लाइस्तुर, सगळे क्लाइस्तुरच म्हणतात. तिथे रस्ता एल्दह्राउन नावाच्या लाव्ह्यातून जातो. डोळे पोचतील तिथवर ढेकळांवर मऊ राखाडी-हिरवं शेवाळ पसरलेलं. हा लाव्हा १७८३ मध्ये लाकीच्या भेगेतून आला. साधारण २५ किलोमीटर लांबीची भेग, सव्वाशेच्या वर मुखं, आणि आठ महिने उद्रेक. वायूमुळे गवत विषारी झालं, निम्म्याहून जास्त गुरंमेंढरं मेली, आणि मागून आलेल्या दुष्काळात देशातली सुमारे पाचवा हिस्सा माणसं गेली. लाव्हा क्लाइस्तुरच्या दिशेने येत असताना तिथले पाद्री योन स्टाइनग्रिम्सन यांनी चर्चमध्ये प्रार्थना घेतली आणि लाव्हा गावाबाहेर थांबला. तिथले लोक त्यांना आजही ‘अग्नीचे पाद्री’ म्हणतात. आपल्या दख्खनचा दगडही असाच भेगांमधून आला असं मानतात, फक्त कितीतरी पट मोठ्या प्रमाणावर. ते पुस्तकात वाचून मला कधी कळलं नव्हतं, एल्दह्राउनमध्ये उभं राहिल्यावर कळलं. त्या शेवाळावर मात्र कोणीही पाय देऊ नका. एकदा तुडवलं तर भरून यायला अनेक वर्षं जातात.

पुढे स्काफ्ताफेलजवळ रस्त्यालगत लोखंडी तुळयांचे पिळलेले दोन तुकडे ठेवलेत. १९९६ मध्ये वात्नायोकुल हिमनदीखाली उद्रेक झाला, महिन्याभराने साठलेलं पाणी एकदम फुटलं आणि पूल वाहून गेले. वाकलेली तुळई जवळून बघा, ओल्या कपड्यासारखी पिळलेली आहे. हा टापू इतका अवघड की तिथला पूल झाला तेव्हा, १९७४ मध्ये, रिंग रोड पहिल्यांदा पूर्ण झाला.

स्वार्तिफोस धबधब्याला षटकोनी दगडी खांब वरून लोंबल्यासारखे आहेत. अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्याने पाहिली त्याला लगेच ओळख पटेल. पण चढ आहे, आईंना झेपणार नाही. त्यांना योकुल्सारलोनला जास्त वेळ द्या. हिमनगांनी भरलेलं सरोवर गाडीतून उतरलं की समोरच आहे.

आणि एक ठिकाण कुठल्याही टूरमध्ये नसतं, पण बाबांसाठी ते चुकवू नकोस. द्युपिवोगुर गावाजवळ रिंग रोडवरच तैगारहोर्न आहे. झिओलाइट, म्हणजे लाव्ह्याच्या पोकळ्यांत तयार होणाऱ्या स्फटिकांसाठी जगभर नावाजलेली जागा. म्हणजे तुमच्या नाशिककडच्या विहिरींमधून निघतात त्याच घराण्यातली गारगोटी! तिथे मात्र एक खडाही उचलायला बंदी आहे.

तुझा काका


बुधवार रात्री, मिल्टन कीन्सहून

काकांनी बाबांचं सगळं लिहिलं, मी आईंचं लिहिते. सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो, दोघंही सत्तरीच्या पुढचे.

अगं, आधी व्हिसा. आपण ब्रिटिश पासपोर्टवर जातो म्हणून हे विसरायला होतं. आइसलंड शेंगेनमध्ये, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांत आहे. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा असून चालत नाही, शेंगेन वेगळा काढावा लागतो. नाशिकला असतानाच अर्ज करू देत, जुलैसाठी आता फार वेळ नाही.

जेवणाचे हाल होत नाहीत, पण ते रेस्टॉरंटच्या भरवशावर सोडू नकोस. स्वयंपाकघर असलेली गेस्टहाऊस घे. मी तीन लिटरचा कुकर, तांदूळ, मुगाची डाळ, भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला नेला होता. टोमॅटो, काकडी तिथे मिळते आणि चांगली असते, जमिनीतल्या वाफेवर तापवलेल्या काचघरांत पिकवतात. डुकराचं चित्र असलेलं बोनुस हे दुकान त्यातल्या त्यात स्वस्त. मोठ्या गावात दिसलं की दोन दिवसांचं भरून घ्यायचं. पुढचं कधी लागेल सांगता येत नाही.

आणि स्कीर. आपला चक्काच तो! तितकाच घट्ट, तितकाच आंबट. सासूबाईंनी पहिल्या चमच्यालाच सांगितलं, साखर दे. उत्तरेतल्या मिवात्नच्या गेस्टहाऊसमध्ये त्यात साखर आणि घरून नेलेली वेलची घालून त्यांनी श्रीखंड फेटलं, मालकीणबाईंना वाटीभर दिलं. तिने बदल्यात राईचा पाव दिला, जमिनीतल्या उष्णतेवर दिवसभर पुरून भाजलेला, गुळासारखा गोडसर. आई कडक शाकाहारी असतील तर स्कीरच्या डब्यावर रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं विरजण) लिहिलंय का ते आधी बघ.

नळाच्या गरम पाण्याला गंधकाचा वास येतो. घाबरू नका, पण पिण्यासाठी गार पाणीच घ्या आणि आधी थोडं सोडून द्या. आईंना चांदी काढून ठेवायला सांग. सासूबाईंची जोडवी आणि पैंजण मिवात्नच्या गरम कुंडातून बाहेर येईपर्यंत काळीठिक्कर पडली होती, घरी आल्यावर चिंच-मिठाने घासली.

कुंडात उतरण्यापूर्वी साबणाने, अंगावर काही न ठेवता आंघोळ करणं तिथे सक्तीचं आहे. ऐनवेळी कळलं की आपल्या आयांना फार संकोच होतो. घरीच सांगून ठेव. बऱ्याच ठिकाणी एखाद-दोन आडोशाच्या खोल्या असतात, काउंटरवर विचारायचं. पण टाळू नका. गुडघ्यांना त्या पाण्याने जो आराम पडतो तो त्यांना गोळीने पडत नव्हता.

विकजवळच्या रेनिस्फ्याराच्या काळ्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, कोणीही नाही. शांत दिसणारी लाट एकाएकी खूप आत येते आणि माणसं ओढून नेते. तिथे असं घडलेलं आहे.

मिल्टन कीन्सची वहिनी


शनिवार, रेडिंगहून

काका, वहिनी,

काय बोलू? तिकिटं बदलली. आता अकरा दिवस आहेत, आणि हॉफ्न नंतरचा एक दिवस कोराच ठेवलाय. रेक्याविक ते आकुरेरी उलट बाजूने ३८८ किलोमीटर एका दमात कापायचं मी ठरवलं होतं, तेही दोन दिवसांवर आणलं.

काल बाबांना फोनवर तैगारहोर्नचं वाचून दाखवलं. ते काही बोलेनात, मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाले, थांब जरा. फडताळ उघडल्याचा आवाज आला. १९८७ साली एका विहिरीच्या ढिगातून उचललेला गुलाबीसर स्फटिक त्यांनी इतकी वर्षं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता, मला कधी दाखवलाही नव्हता. तो बरोबर घेऊ का, तिथल्याशी ताडून बघता येईल, असं विचारत होते. मी म्हटलं, परत येताना कोणाला वाटायला नको की तिथूनच उचलला.

एक शंका राहिली: आकुरेरीजवळच्या बोगद्याचा टोल कुठे भरायचा?


शनिवार, स्लाऊहून

अगं, स्फटिक इथे घरी ठेवायला सांग आणि त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो नेऊ देत. विमानतळावर त्यांना मनस्ताप नको.

तो बोगदा साडेसात किलोमीटरचा आहे. नाका नाही, कॅमेरा नंबर टिपतो. त्याच दिवशी ऑनलाइन भरून टाक, नाहीतर गाडी देणारे वर आपले पैसे लावतात. धबधब्यांच्या पार्किंगचंही बऱ्याच ठिकाणी असंच. गाडी हातात आली की पहिल्यांदा नंबरप्लेटचा फोटो काढून ठेव.

दुपदरी चौकगोलात (राउंडअबाउटमध्ये) आतल्या पदरातून बाहेर पडणाऱ्याला तिथे आधी वाट द्यायची असते. आपल्याकडच्या सवयीने बाहेरच्या पदरात राहून दामटू नकोस. पेट्रोलचे बरेच पंप माणसाविना चालतात, पिन असलेलं कार्ड लागतं. दिवे दिवसाही चालू ठेवायचे, तो कायदा आहे. आणि मेंढ्या: उन्हाळ्यात मोकाट असतात. आई रस्त्याच्या एका कडेला आणि कोकरू दुसऱ्या कडेला दिसलं की ब्रेकवर पाय ठेव, कोकरू आईकडे धावणारच.

पहिल्या मुक्कामाला पोचलात की मंडळाच्या मेल-यादीवर दोन ओळी टाक. बाबांनी एल्दह्राउन पाहिल्यावर काय म्हटलं ते मला त्यांच्याच शब्दांत वाचायचंय.